परचेसच्या माणसाला मेल लिहिताना

दर महिन्याच्या 25 तारखेला आमच्या गिऱ्हाईक कंपनीकडून शेड्यूल यायचं. पुढच्या महिन्यात कोणत्या पार्टचे किती नग लागतील, एवढंच सांगणारी एक एक्सेल. अण्णा, म्हणजे माझे वडील, ती छापून टूल रूमच्या दाराला चिकटवायचे आणि आमच्या शेडचा महिना तिथं ठरायचा. 2023च्या ऑगस्टमध्ये जी एक्सेल आली, तिच्यात चार पार्टांपुढं शून्य होतं. अण्णांना वाटलं टायपिंगची चूक असेल. फोन लावला, तर पलीकडून उत्तर आलं, "मॉडेल बंद होतंय. नवीन काही आलं की कळवतो." त्या चार पार्टांवर आमची दोन मशीनं चालायची.

आमची शेड वाळूज एमआयडीसीत आहे. तीन सीएनसी, एक व्हीएमसी (दोन्ही कॉम्प्युटरवर चालणारी कटिंगची मशीनं), गोल नग घासून मापात आणणारा एक सेंटरलेस ग्राइंडर आणि अकरा माणसं. पिना, बुश (पिनेभोवती बसणारी नळी), स्पेसर अशी गोल कामं. 1985मध्ये बजाजचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्यानंतरच्या वर्षांत गंगापूर-पैठणपासून पार परभणी-हिंगोलीपर्यंतची पोरं इथं येऊन टर्नर, फिटर झाली. त्यातल्या काहींनी पुढं स्वतःच्या शेडी टाकल्या. आमचे अण्णा त्यांतलेच, मूळचे गंगाखेडचे. आम्ही थेट गाडीवाल्यांना माल देत नाही. गाडीवाल्यांना माल देणाऱ्या एका कंपनीला देतो. शंभरातले ऐंशी रुपये त्या एकाच कंपनीकडून यायचे. छोट्या उद्योगाचं बिल 45 दिवसांत चुकतं करावं, असा 2006चा कायदा आहे. आम्हाला पैसे शंभराव्या दिवशी मिळायचे आणि आम्ही ब्र काढत नव्हतो. चूल ज्याच्या जिवावर पेटते, त्याच्याशी भांडायचं कसं?

मी मेकॅनिकलची इंजिनिअर. पुण्यात दोन वर्षं नोकरी करून 2022मध्ये घरी परतले होते आणि हिशोब, क्वालिटीचे कागद बघत होते. नवीन गिऱ्हाईक आणणं हे अण्णांचं खातं. त्यांची पद्धत ठरलेली. रुमालात चार नमुने बांधायचे, पहाटेच्या गाडीनं चाकण नाहीतर रांजणगाव गाठायचं आणि गेटवर उभं राहायचं. "माणूस दिसल्याबिगर काम कोण देतं गं?" हे त्यांचं म्हणणं आणि त्याच जोरावर त्यांनी पंचवीस वर्षं शेड चालवली. पण सप्टेंबरात ते तीन गेटांवरून तसेच परत आले. तिन्ही ठिकाणी सिक्युरिटीनं एकच विचारलं, "अपॉइंटमेंटचा मेल आहे का?"

म्हणून मी म्हटलं, मेल मी लिहिते.

पहिलं टेम्प्लेट मी नेटवरून उचललं. इंग्रजीतच होतं. तुम्ही कुशल असाल अशी आशा, आम्ही अमुक क्षेत्रातले अग्रगण्य उत्पादक, जागतिक दर्जाची गुणवत्ता, आपल्या सध्याच्या पुरवठादारावर आपण नाराज आहात का, असेल तर पंधरा मिनिटांचा वेळ द्या. विषयाच्या जागी "व्यवसाय प्रस्ताव". सोबत सात एमबीची पीडीएफ, तिच्यात आमच्या शेडचा बाहेरून काढलेला फोटो आणि गणपतीचं चित्र. पत्त्यांची यादी एकाकडून विकत घेतली, चार हजार रुपयांत. 340 पत्ते होते. सगळे बीसीसीत, म्हणजे एकाला दुसऱ्याचा पत्ता दिसणार नाही असे, टाकले आणि साध्या जीमेलवरून एका दुपारी पाठवून दिले. त्या वेळी मला वाटलं होतं, 340 गेटांवर मी एका दमात जाऊन आले.

संध्याकाळपर्यंत साठ-सत्तर मेल परत आले. पत्ता अस्तित्वात नाही, माणूस नोकरी सोडून गेला, असली कारणं. बाकीचे बहुतेक स्पॅममध्ये पडले असणार. हे मला नंतर समजलं. मी स्वतःच्या दुसऱ्या पत्त्यावर तोच मेल पाठवून पाहिला, तोही स्पॅममध्येच सापडला. चार दिवसांत दोन उत्तरं आली. एकानं लिहिलं होतं, माझं नाव यादीतून काढा. दुसरं उत्तर मेलवर नाही, फोनवर आलं, अण्णांच्या फोनवर. आमच्याच त्या ऐंशी रुपयेवाल्या कंपनीच्या परचेसमधून, म्हणजे खरेदी विभागातून.

विकत घेतलेली यादी मी वाचलीच नव्हती. तिच्यात त्यांचंही नाव होतं. आपल्या सध्याच्या पुरवठादारावर आपण नाराज आहात का, हा प्रश्न आम्ही, त्यांचे सध्याचे पुरवठादार, त्यांनाच विचारला होता. "आम्ही नाराज आहोत असं तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं. मग दुसरा प्रश्न, "दुसरीकडं काम शोधायलात का?" अण्णा दुसऱ्या दिवशी शर्ट बदलून त्यांच्या ऑफिसला गेले, तास-दीड तास बाहेर बाकावर बसले, माझ्या वतीनं चूक झाली म्हणाले आणि परत आले. मला काही बोलले नाहीत. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "धाडायच्या आधी वाचत जा बाळा." त्या वाक्यानं मला जेवण गेलं नाही.

महिनाभर मी एकही मेल पाठवला नाही. वाचत बसले. आपला मेल जातो कसा आणि अडतो कुठं, हे आधी समजून घेतलं. वाळूजमधल्या माझ्यासारख्या बऱ्याच जणांना याचा पत्ता नसतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी कंपनीच्या नावाचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता, घेतलं आणि त्यावर मेल सुरू केला. मग तीन नोंदी करायच्या असतात: एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क. मी त्या अण्णांना गेटच्या भाषेत समजावल्या. एसपीएफ म्हणजे आमचा माल कोणकोणत्या गाड्यांतून येऊ शकतो, याची गेटवर आधीच दिलेली यादी. डीकेआयएम म्हणजे पेटीवरचं सील; वाटेत कुणी आतला माल बदलला नाही याची खूण. डीमार्क म्हणजे गाडी आणि सील यांपैकी एकही जुळलं नाही तर वॉचमननं काय करायचं, माल आत घ्यायचा, बाजूला ठेवायचा की परत धाडायचा, याची आम्हीच दिलेली सूचना. अण्णा म्हणाले, "मग हे मालासोबतच्या चलनासारखंच झालं की." तसंच आहे. फेब्रुवारी 2024पासून गुगल आणि याहूनं नियम कडक केले. दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही नोंदी सक्तीच्या झाल्या आणि छोट्यांनाही एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक लागतंच. स्पॅम म्हणून तक्रार करणाऱ्यांचं प्रमाण 0.3 टक्क्यांच्या खाली राहिलं पाहिजे, हेही त्यातच आलं. म्हणजे हजारात तीन माणसांनी तो स्पॅमचा खटका दाबला की संपलं. माझ्या 340मधल्या किती जणांनी दाबला असेल, हा विचार करून आजही अंगावर काटा येतो.

डोमेन नवं असलं की पहिल्या दिवशीच धडाधड मेल सोडायचे नसतात. पहिले दोन आठवडे मी ओळखीच्या लोकांशी, कच्चा माल देणाऱ्यांशी, कुरिअरवाल्यांशी नव्या पत्त्यावरून खराखुरा पत्रव्यवहार केला. मग दिवसाला पाच. पुढं आठ. आठाच्या वर मी कधी गेलेच नाही आणि त्याचं कारण तांत्रिक नाही. त्याहून जास्त माझ्याच्यानं लिहूनच होत नाहीत.

टेम्प्लेट या शब्दाचा खरा अर्थ मला चाचांमुळं कळला. चाचा आमचे सगळ्यात जुने टर्नर, अण्णांच्या पहिल्या लेथपासूनचे. व्हीएमसीवर एका ब्रॅकेटचं फिक्स्चर बसवत होते. फिक्स्चर म्हणजे जॉब पकडून ठेवणारा साचा. एकदा नीट बनवला की प्रत्येक नग त्याच जागी, त्याच कोनात बसतो. मी जवळ उभी होते. म्हणाले, "फिक्स्चर पकडतं फक्त, बेटा. कटिंग तर प्रत्येक नगाचं करावंच लागतं." मी तशीच ऑफिसात आले आणि माझं इंग्रजी टेम्प्लेट उघडलं. त्यात सगळं पकडणारंच होतं. कापणारं काहीच नव्हतं. 340 जणांसाठी एक शब्दही वेगळा नव्हता. वाचणाऱ्यालाही ते पहिल्या ओळीत कळत असणार.

मग मी टेम्प्लेटचे दोन भाग केले. न बदलणारा भाग: आम्ही कोण, कुठं, कोणती मशीनं, किती व्यासापर्यंत, किती मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पहिला लॉट कसा देतो. बदलणारा भाग एक ओळीचा: मी तुम्हालाच का लिहितेय. ती ओळ सापडली नाही, तर त्या कंपनीला मेल जाणार नाही. हा नियम मी आजवर पाळला आहे.

ती एक ओळ शोधायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. गाड्यांच्या बाहेरचं काम हवं म्हणून मी आधी फवारणी पंपांकडं वळले. नाशिक-सांगलीकडं द्राक्षबागांमुळं फवारणीची यंत्रं बनवणारे बरेच आहेत आणि आपल्याकडं जालन्याच्या मोसंबीच्या बागांतही ट्रॅक्टरला जोडलेला एचटीपी पंप, म्हणजे जास्त दाबाचा फवारणी पंप, असतोच. कंपन्यांच्या वेबसाइटवर "आमच्याविषयी" या पानावर काही हाती लागत नाही. तिथं सगळेच अग्रगण्य असतात. कामाची वस्तू म्हणजे स्पेअर पार्टची यादी. पंप उलगडून दाखवलेलं चित्र, प्रत्येक भागाला नंबर आणि खाली तक्ता. त्यात क्रॉसहेडची (पिस्टनला पुढंमागं ढकलणाऱ्या भागाची) पिन दिसते, बुश दिसतो, एका पंपाला किती लागतात तेही दिसतं. तीन पिस्टनच्या पंपाला तीन पिना. ते चित्र बघून मला जी ओळ सुचायची, ती परचेसच्या माणसाला त्याच्या टेबलावरची वाटायची.

तरी चित्रावरून सगळं कळत नाही, म्हणून एका रविवारी चाचांना घेऊन अंबडला मावशीकडं गेले. त्यांची मोसंबीची बाग आहे. काकांनी दुरुस्तीला काढलेला पंप ओसरीत पडला होता. चाचांनी तो पोत्यावर उघडला. पिन बऱ्यापैकी होती, पण गनमेटलचा (तांब्याच्या मिश्रधातूचा) बुश घासून अंडाकार झाला होता. मला वाटलं, मला खजिनाच सापडला. दुसऱ्या दिवशी त्या पंपाच्या कंपनीला मी मेल लिहिला: अंबडच्या एका बागेत तुमचा पंप चौथ्या हंगामात उघडला, बुश घासलेला होता, आम्ही याहून चांगला देऊ. फोटोही जोडला.

उत्तर तासाभरात आलं. आमच्या मालात खोट काढायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, शेतकऱ्यानं तेल घातलं नसेल, फोटो कुठंही टाकलात तर बघा. मी माफीचा मेल पाठवला आणि बराच वेळ नुसती बसून राहिले. त्या माणसाचं काय चुकलं? अनोळखी कुणी येऊन तुमच्या पोराचं नाक वाकडं आहे म्हणून सांगावं, तसंच झालं होतं ते. त्यांचं काम मला माहीत आहे एवढं त्या ओळीतून दिसायला हवं होतं. त्यांची चूक मला माहीत आहे, असं दिसलं.

पुढच्या पंपवाल्यासाठी तेवढी ओळ बदलली. तो मेल इथं देते. हा मराठीतच गेला होता:

विषय: एचटीपी पंपाची क्रॉसहेड पिन आणि बुश

नमस्कार. तुमच्या तीन पिस्टनच्या पंपाची स्पेअर पार्ट यादी पाहिली. त्यातली क्रॉसहेडची पिन आणि गनमेटलचा बुश अशा जोड्या आम्ही वाळूजला करतो, 12 ते 40 मिलिमीटर व्यासात. पिना केस हार्डनिंग करून सेंटरलेस ग्राइंडिंगवर 10 मायक्रॉनच्या आत धरतो. पहिले 20 नग प्रत्येक नगाच्या मापासह पाठवतो, पटले तरच पुढं. एखाद्या पिनेचं ड्रॉइंग पाठवलंत तर तीन दिवसांत दर कळवीन. गरज नसेल तर "नको" एवढंच लिहा, पुन्हा मेल येणार नाही.

खाली माझं नाव, फोन, पत्ता. एवढंच. पीडीएफ नाही, फोटो नाही, लिंक नाही. मोबाइलवर बोट न सरकवता पुरा दिसतो. विषयात वस्तूचं नाव आहे, कारण परचेसचा माणूस दिवसभर वस्तूंच्या नावांनीच विचार करतो. आणि मागणी एकच, तीही त्याला दोन मिनिटांत पुरी करता येईल अशी. पंधरा मिनिटांचा वेळ द्या, हे मी पुन्हा कधी लिहिलं नाही. अनोळखी माणसाची पंधरा मिनिटं हे फार मोठं मागणं आहे. ड्रॉइंग त्याच्या कॉम्प्युटरवर पडलेलंच असतं.

मराठीत लिहायचं की इंग्रजीत, यावर आमच्या घरात वाद झाला. अण्णांचं मत, "मराठीत धाडलं तर लहान समजतेत." मला वाटतं ते माणसावर आहे. मोठ्या कंपनीच्या व्हेंडर डेव्हलपमेंटला, म्हणजे पुरवठादार शोधणाऱ्या विभागाला, इंग्रजी, कारण तो मेल पुढं चार जणांना जातो आणि त्यातले दोन चेन्नईचे असतात. पण नाशिक-सांगलीकडचा मालक स्वतः मेल वाचतो, तोही रात्री जेवणानंतर. त्याला मी मराठीत लिहू लागले. एक अडचण आली. अण्णांचं जुनं माहितीपत्रक डीटीपीवाल्यानं श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टात बसवलेलं होतं. त्यातला मजकूर उचलून मेलमध्ये टाकला की अक्षरांच्या जागी नुसती गिचमिड व्हायची. सगळं युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केलं. ते करताना त्यातली निम्मी विशेषणं आपोआप गळली.

पत्त्याचाही घोळ होता. 2023मध्ये शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं. आमच्या काही कागदांवर जुनं नाव, काहींवर नवं. राज्याबाहेरच्या माणसाला दोन गावं वाटायची. आता सहीखाली वाळूज एमआयडीसी, छत्रपती संभाजीनगर आणि पुढं "पूर्वीचं औरंगाबाद" असं लिहिते आणि पिनकोड ठळक ठेवते.

पंपवाल्याला गेलेल्या त्या मराठी मेलला रात्री साडेदहाला उत्तर आलं: "ड्रॉइंग नाही. नमुना कुरिअर करतो. चालेल का?" मी अण्णांना उठवलं. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरून ते तीनदा वाचलं.

ड्रॉइंग नसणं ही पुढं नेहमीचीच गोष्ट निघाली. छोट्या यंत्रवाल्यांकडं नमुना असतो, कागद नसतो. नमुना आला, चाचांनी मायक्रोमीटर लावला, आणि कडकपणा, गोलाई वगैरे आम्ही मराठवाडा ऑटो क्लस्टरमध्ये तपासून घेतली. मी ड्रॉइंग काढलं आणि ते त्यांना पाठवून दिलं, तुमच्याकडं ठेवा म्हणून. अण्णांना ते आवडलं नाही. ड्रॉइंग दिलं की तो दुसऱ्याकडूनही करून घेईल, असं त्यांना वाटत होतं. घेऊ शकतोच. पण मला ते बरोबर वाटलं आणि अजूनही वाटतं. पहिले 20 नग मापांच्या तक्त्यासह गेले. मग 300 नगांचा लॉट.

फॉलो-अपचं मला सगळ्यात अवघड गेलं. मनाला ते मागं लागल्यासारखं वाटायचं. नेटवरच्या टेम्प्लेटांत दुसरा मेल ठरलेला असतो: माझा आधीचा मेल पाहिलात का? वाचणाऱ्याला त्यातून काय मिळतं? आपण उत्तर दिलं नाही, ही टोचणी. म्हणून मी ठरवलं, दुसऱ्या मेलमध्ये नवीन काही असेल तरच तो जाईल. बहुतेकदा मी मापांचा एक तक्ता मेलच्या अंगातच लिहायचे, 10 नगांचे व्यास, मायक्रॉनसह. गिऱ्हाइकाचं नाव अर्थातच काढून. दुसरा मेल सहा-सात कामाच्या दिवसांनी, तिसरा आणखी पंधरा दिवसांनी, आणि तिसऱ्यात स्पष्ट लिहायचं की हा शेवटचा. मग खरंच थांबायचं. गंमत वाटेल, पण मला तिसऱ्याला बरीच उत्तरं आली. कुणी लिहिलं, आत्ता नको, जूनमध्ये आठवण करा. कुणी लिहिलं, हे काम मी बघत नाही, अमक्यांना लिहा.

तारखा बघाव्या लागतात. महिन्याचा पहिला आठवडा शेड्यूलच्या मारामारीत जातो, शेवटचा आठवडा डिस्पॅचच्या. मार्चअखेर तर कुणाला लिहूच नये. मी 8 ते 20 तारखेच्या मधले दिवस धरते, सकाळी साडेनऊच्या सुमाराला. हे शास्त्र नाही, माझ्या वहीतलं निरीक्षण आहे.

मेल उघडला की नाही हे दाखवणारी सोय मी महिनाभर वापरली. मेलमध्ये एक न दिसणारं चित्र असतं, ते उघडलं की आपल्याला खबर लागते. एका कंपनीत माझा मेल रात्री तीन वाजता अकरा वेळा "उघडला" गेला, तेव्हा मी शोधलं. कंपन्यांच्या सुरक्षा यंत्रणा मेल आधी स्वतः उघडून तपासतात आणि अॅपलच्या मेलमध्ये 2021पासून ही चित्रं माणसानं मेल न उघडताही उतरवली जातात. त्या आकड्यांवर मी उगाच हुरळत होते आणि उगाच खचत होते. बंद केलं. उत्तर आलं की आलं.

एक खंत मात्र लिहायलाच हवी. मेलखाली माझं नाव स्पष्ट असतं, तरी निम्म्याहून जास्त उत्तरं "डिअर सर"नं सुरू होतात. फोन आले तर "साहेबांना द्या" म्हणतात. एकानं तर केस हार्डनिंगची, म्हणजे कडक केलेल्या वरच्या थराची, खोली किती, हा प्रश्न मला विचारायचा नाकारला. टेक्निकल आहे, म्हणाला. त्या दिवशी अण्णांनी फोन घेतला आणि म्हणाले, "तेच विचारा तिला. मला येत नाही." अण्णांना येतं. तरी ते तसं म्हणाले.

चुका थांबल्या नाहीत. एकदा दुसऱ्या परिच्छेदात आधीच्या कंपनीचं नाव तसंच राहून गेलं. तेव्हापासून टेम्प्लेटमधला बदलणारा प्रत्येक शब्द मी लाल ठेवते. जागच्या जागी नवीन लिहिलं की तो काळा करायचा. लाल अक्षर दिसतंय तोवर मेल जात नाही, आणि जायच्या आधी मी तो मोबाइलवर स्वतःला पाठवून मोठ्यानं वाचते. आमच्याकडं गो-नोगो गेज असतो, नग गो बाजूत जायला हवा आणि नोगो बाजूत जायला नको, तरच पास, नाही तर बाजूला. हा माझा गेज. अलीकडं काही ओळखीचे लोक एआयकडून शंभर कंपन्यांना शंभर वेगळे मेल लिहून घेतात. मीही दोन-चार करून पाहिले. वाचायला गुळगुळीत होते, पण अंबडच्या ओसरीतला तो बुश त्यांनी पाहिलेला नव्हता. इंग्रजीचं व्याकरण तपासायला मी एआय वापरते, ती एक ओळ मात्र मीच लिहिते.

ऑक्टोबरअखेरपासून मेपर्यंत 214 कंपन्यांना लिहिलं. 38 जणांनी काहीतरी उत्तर दिलं, त्यातल्या 11 जणांनी "नको" लिहिलं, आणि त्यांचे मी आभार मानले. 9 ठिकाणांहून ड्रॉइंग किंवा नमुना आला. 4 ठिकाणी ट्रायल लॉट गेला. त्यातले 3 आज दर महिन्याला माल नेतात: दोन पंपवाले आणि एक डाळमिलची यंत्रं बनवणारा, लातूरकडचा. त्या ऐंशी रुपयांचे आता पंचावन्न झालेत. बंद पडलेल्या दोन मशीनांपैकी एक पूर्ण चालतं, दुसरं अर्धी पाळी. जर्मनीतही लिहावं असं एकदा मनात आलं होतं, पण तिथं परवानगीशिवाय कंपनीलाही जाहिरातीचा मेल पाठवता येत नाही, हे कळल्यावर तो विचार सोडला. तिथल्यासाठी प्रदर्शनच बरं.

अण्णा अजून रुमालात नमुने बांधतात. फरक इतकाच, की निघायच्या आधी विचारतात, "त्यायला मेल धाडलास का? काय लिहिलीस?" आणि मी काय लिहिलं ते गाडीत वाचत जातात. रांजणगावच्या ज्या गेटवरून ते परत फिरले होते, तिथं जानेवारीत आत गेले. अपॉइंटमेंटचा मेल फोनवर उघडून वॉचमनपुढं धरला होता म्हणे. काम अजून मिळालेलं नाही तिथलं.

गेल्या आठवड्यात कोइमतूरच्या एका पंपवाल्याचं उत्तर आलं. तिसऱ्या मेलला. दोनच प्रश्न होते. गनमेटल एलजी2 या जातीचं वापरता का, आणि पिनेतलं तेलाचं आडवं छिद्र हार्डनिंगच्या आधी करता की नंतर. पहिल्याचं उत्तर मला माहीत होतं. दुसऱ्याचंही माहीत होतं असं वाटलं, तरी लॅपटॉप उचलून चाचांकडं गेले. ते ग्राइंडरवर होते. मशीन थांबवून हात पुसले, स्क्रीनकडं बघितलं.

"आधी छिद्र, मग हार्ड, मग ग्राइंडिंग," ते म्हणाले.

मी तिथंच उभ्या-उभ्या टाइप केलं. चाचा बघत होते.

"लिहिलं?"

"हो."

"छिद्राच्या तोंडाची बर, ती उरलेली धारदार कड, आम्ही हार्डनिंगच्या आधी हातानं काढतो, तेही लिही. नाहीतर ती बुशाला खाते."